जेरोनिमोच्या पाठलागातली विंचेस्टर? रायफलीच्या मालकीचा माग कसा काढायचा

ॲरिझोनात नोकरीसाठी राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. त्यांच्याकडे विंचेस्टर या अमेरिकी कंपनीची मॉडेल १८७३ ही लिव्हरची जुनी रायफल आहे, .४४-४० काडतुसाची. घरात असं सांगतात की, बाईंचे आजोबा १८८६ मध्ये कॅप्टन लॉटनच्या तुकडीत घोडदळातले शिपाई होते आणि अपाचे या मूलनिवासी जमातीचा लढवय्या नेता जेरोनिमो याचा पाठलाग करताना ही रायफल त्यांच्याजवळ होती. सोबत बाईंच्या काकांनी १९६० च्या सुमारास लिहिलेलं एक पत्र आहे, आणि गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो. बाई रायफल विकणार आहेत, पण साध्या १८७३ च्या कितीतरी पट किंमत सांगतात. मालकीचा हा इतिहास खरा आहे हे कसं ठरवायचं? घ्यावी का?

उत्तर:

तुमच्यापुढे दोन वेगळ्या वस्तू विकायला आहेत, एक रायफल आणि एक कहाणी. रायफल हातात घेऊन तपासता येते. कहाणी कागदांवर तपासावी लागते. बाई जी जादा किंमत सांगत आहेत ती सगळी कहाणीची आहे, म्हणून माझं उत्तरही बरंचसं कागदांबद्दलच असेल.

मॉडेल १८७३ मुळात दुर्मीळ नाही. कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यातून या मॉडेलच्या सात लाखांहून अधिक रायफली बाहेर पडल्या, त्यातल्या पंचवीस हजारांहून जास्त एकट्या १८८२ सालच्या. बाजारात आली तेव्हा तिची किंमत ५० डॉलरच्या आसपास होती. १८८२ पर्यंत ती २५ डॉलरवर आली आणि गुराखी, खाणकामगार, दुकानदार अशा कुणालाही परवडू लागली. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली १८७३ आजही बाजारात नेहमी दिसते आणि तिची किंमत अवस्था, प्रकार व मूळ भाग किती शाबूत आहेत यावर ठरते. तुमच्या शेजारणीच्या रायफलीत दुर्मीळ काही असेलच तर तो तिचा मालक.

आता पहिली अडचण, आणि ती मोठी आहे. १८८६ मध्ये अमेरिकी घोडदळातल्या शिपायाला सरकारकडून विंचेस्टर मिळत नव्हती. त्याला मिळायची स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, .४५-७० काडतुसाची. तीत एका वेळी एकच गोळी भरता यायची आणि मागची झडप वर उघडावी लागायची. लिव्हर खालीवर करून धडाधड झाडता येणारी रायफल लष्कर तेव्हा आपल्या नियमित घोडदळाला देत नव्हतं. तेव्हा ‘घोडदळातला शिपाई’ आणि ‘त्याची विंचेस्टर’ हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की ती त्याने स्वतःच्या पैशाने घेतली होती का, आणि केव्हा? स्वतःची रायफल बाळगणारे लोक होते. पण शिपायाने सरकारी कार्बाइन ठेवून स्वखर्चाची रायफल मोहिमेवर नेली असेल, तर त्याला वेगळा पुरावा लागेल.

लॉटनची तुकडी मात्र सगळी घोडदळाची नव्हती, आणि इथे कहाणीला एक वाट मिळते. ५ मे १८८६ ला फोर्ट हुआचुकाहून निघताना लॉटनबरोबर चौथ्या घोडदळाच्या बी ट्रूपचे, म्हणजे बी तुकडीचे, ३५ जण, आठव्या पायदळाचे २०, इंडियन स्काउट, म्हणजे मूलनिवासी वाटाडे, म्हणून घेतलेले २० आणि खेचरांचे दोन तांडे होते. खेचरांवर सामान लादणारे मुलकी नोकर होते, त्यांच्याजवळ स्वतःची हत्यारं असायची आणि त्या प्रदेशात विंचेस्टर ही त्यांची आवडती रायफल होती. बाईंचे आजोबा शिपाई नसून खेचरवाले असतील आणि दोन पिढ्यांत घरच्यांनी त्यांना घोडदळात बढती दिली असेल, हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. तसं निघालं तर रायफलीची कहाणी उलट जास्त पटण्यासारखी होईल. म्हणून आजोबांचं पूर्ण नाव मिळवा आणि दोन्ही दिशांनी शोध घ्या.

शिपायांचा शोध सोपा आहे. अमेरिकी नियमित लष्करात भरती झालेल्या प्रत्येकाची नोंदवही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नाव, वय, जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग, कोणत्या पलटणीत गेला, कधी आणि कसा सुटला, सगळं एका ओळीत. १९१७ च्या कायद्याने पश्चिमेकडच्या मोहिमांतल्या म्हाताऱ्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळू लागलं. त्या फायली मिळाल्या तर त्या सोनं आहेत, कारण अर्जदाराला कुठे, कुणाच्या हाताखाली आणि कोणत्या काळात चाकरी केली हे शपथेवर सांगावं लागे आणि बरोबरच्यांच्या साक्षी जोडाव्या लागत. आजोबांचं नाव बी ट्रूपमध्ये, १८८६ च्या उन्हाळ्यात सापडलं तर माणूस खरा ठरला. रायफल अजून ठरलेली नाही.

रायफलीचा अनुक्रमांक खालच्या टँगवर, म्हणजे लिव्हरच्या मागे दस्त्यात शिरणाऱ्या पट्टीवर असतो. तो उतरवून घ्या. वायोमिंगमधल्या कोडी गावात बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट नावाची संस्था आहे, तिच्या शस्त्र संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या मूळ नोंदवह्या आहेत. शुल्क भरून अनुक्रमांक पाठवला की ते नोंदीचं पत्र देतात. त्यात रायफल की कार्बाइन, नळी अष्टकोनी की गोल, चाप साधा की खास, काडतूस कोणतं, गोदामात कधी आली आणि गोदामातून कधी गेली, एवढं कळतं. पण ती कोणाला गेली हे सहसा कळत नाही. नवीन माणसाची निराशा नेमकी इथेच होते. कोल्टच्या पिस्तुलांच्या नोंदीत माल कोणत्या व्यापाऱ्याला पाठवला हे बहुधा असतं. विंचेस्टरच्या वह्यांत माणसाचं नाव शोधणं व्यर्थ आहे. त्या वह्या रायफलीचा जन्मदाखला देतात, मालकाचा पत्ता देत नाहीत.

तरीही तो दाखला आधी मागवा, कारण तो कहाणी सिद्ध करू शकत नसला तरी मोडू नक्की शकतो. रायफल १८९१ मध्ये गोदामातून निघाली असेल तर १८८६ च्या पाठलागात ती असणं शक्य नाही, आणि तुमचा प्रश्न तिथेच संपला. नोंदीत गोल नळी लिहिली असून हातात अष्टकोनी नळी असेल, तर कुणीतरी भाग बदलले आहेत. हे एवढं साधं काम न करता हजारो डॉलर मोजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

मालकी कशी सिद्ध होते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्याच कॅप्टन लॉटनचं आहे. २०१६ मध्ये रॉक आयलंड ऑक्शन कंपनीच्या लिलावात एक विंचेस्टर १२ लाख ६५ हजार डॉलरना गेली. तोवर एकट्या बंदुकीला लिलावात एवढा भाव आल्याची नोंद नव्हती. ती होती मॉडेल १८८६, अनुक्रमांक १. हे मॉडेल जॉन ब्राउनिंगच्या कल्पनेतून आलं. उटाह प्रांतातल्या ऑग्डेन गावात बसून त्याने ही रचना केली आणि विंचेस्टरने ती विकत घेतली. १८७३ ची आतली बिजागरीसारखी सांधणी पिस्तुलाच्या ताकदीच्या काडतुसापुरतीच मजबूत होती. ब्राउनिंगने बोल्टला दोन्ही बाजूंनी वर सरकणाऱ्या उभ्या पट्ट्यांनी कुलूप घातलं, आणि .४५-७० सारखं लष्करी दणक्याचं काडतूस लिव्हरच्या रायफलीत सुखाने चालू लागलं. त्या रचनेची पहिल्या क्रमांकाची रायफल, एवढ्यावरच संग्राहकांच्या उड्या पडल्या असत्या.

पण ती लॉटनची होती. जॉर्ज अल्बी नावाचा लेफ्टनंट आणि लॉटन हे यादवी युद्धानंतर ४१ व्या पायदळात एकत्र होते. दोघांनाही मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालेलं. लॉटनला ते यादवी युद्धात अटलांटा इथे केलेल्या कामगिरीसाठी, अल्बीला टेक्सासमधल्या ब्राझोस नदीकाठच्या चकमकीसाठी. अल्बी प्रकृतीच्या कारणाने लष्करातून निवृत्त झाला आणि न्यू हेवनला विंचेस्टर कंपनीशी जोडला गेला. जेरोनिमोच्या शरणागतीनंतर त्याने जुन्या मित्राला नव्या मॉडेलची पहिली रायफल भेट दिली. देणाऱ्याचं नाव ठाऊक, घेणाऱ्याचं ठाऊक, दोघांची ओळख लष्करी कागदांत, देणाऱ्याचा कंपनीशी संबंध, आणि तो क्रमांक त्याच्या हाती कसा आला याचं साधं, पटणारं कारण. मालकीचा इतिहास मजबूत असतो तो असा. त्यात कुठेही ‘असं म्हणतात’ येत नाही.

याच रायफलीबद्दल वर्तमानपत्रांत मात्र ‘जेरोनिमोला पकडणारी रायफल’ असं छापून आलं, आणि ते मला फार खटकतं. ही रायफल त्या पाठलागात नव्हतीच. पाठलाग संपल्यावर ती भेट म्हणून आली. आणि जेरोनिमोला लॉटनने पकडलंही नाही. लॉटन महिनोनमहिने मेक्सिकोतल्या सोनोराच्या डोंगरांत त्याच्या मागे फिरला, अख्ख्या मोहिमेवर सुमारे ५,००० सैनिक लागले, पण शेवटी ऑगस्ट १८८६ मध्ये जेरोनिमोसमोर जाऊन बोलला तो लेफ्टनंट चार्ल्स गेटवुड, आणि त्याला तिथवर नेणारे कायिताह आणि मार्टीन हे दोन अपाचे होते. ४ सप्टेंबर १८८६ ला स्केलेटन कॅन्यनमध्ये मोहिमेचा प्रमुख जनरल माइल्स याच्यासमोर औपचारिक शरणागती झाली. त्यानंतर जेरोनिमोच्या शाखेच्या, म्हणजे चिरिकावा, अपाचेंना आगगाडीत घालून फ्लोरिडाला कैदेत पाठवलं, आणि त्यांत सरकारसाठी जीव धोक्यात घातलेले कायिताह व मार्टीनही होते. रायफलीच्या नावाने इतिहास सांगायचा तर एवढा पुरा सांगितला पाहिजे. ‘पकडणारी रायफल’ म्हटलं की गेटवुड पुसला जातो, ते दोघे अपाचे तर पुरतेच पुसले जातात.

लॉटनचा पुढचा प्रवास ऐकून मी अजूनही थबकतो. १९ डिसेंबर १८९९ ला फिलिपिन्समध्ये सान मातेओजवळच्या लढाईत तो मारला गेला, आणि समोरच्या फिलिपिनो फौजेचा सेनापती होता लिसेरिओ जेरोनिमो. १९०१ मध्ये ओक्लाहोमात वसलेल्या गावाला लॉटनचं नाव दिलं गेलं. त्याच गावाला लागून फोर्ट सिल आहे, जिथे अपाचे जेरोनिमो १९०९ मध्ये युद्धकैदी म्हणूनच मरण पावला. अशा योगायोगांमुळेच लोकांना वस्तूंभोवती कहाण्या विणायचा मोह होतो. योगायोग खरा असला तरी तो पुरावा नसतो, एवढं मनात ठेवा.

आता अगदी दुसऱ्या टोकाची रायफल. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व विभागाचे कर्मचारी पाहणी करत होते. एका ज्युनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली विंचेस्टर १८७३ त्यांना दिसली. लाकूड उन्हापावसाने करडं पडलेलं, चिरा गेलेल्या, दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं. कुणीतरी ती टेकवून गेला आणि परत आलाच नाही. अनुक्रमांक वाचता आला. कोडीच्या वह्यांतून कळलं की ती १८८२ मध्ये गोदामातून निघाली. तिथेच माग थांबला. रायफल कोडीला नेली तेव्हा ती भरलेली आहे का हे पाहण्यासाठी गावातल्या इस्पितळात तिचा एक्स-रे काढला. नळीत गोळी नव्हती, पण दस्त्याच्या टोकाला साफसफाईच्या सळईसाठी जी पोकळी असते तीत एक काडतूस अडकलेलं दिसलं, युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीचं, १८८७ ते १९११ या काळातलं.

त्या एका काडतुसाने केवढं सांगितलं पाहा. रायफल १८८२ मध्ये विकली गेली म्हणून ती १८८२ मध्येच झाडाला टेकवली असेल असं कुणीही म्हणालं असतं. काडतुसाने दाखवलं की १८८७ किंवा त्यानंतरही ती कुणाच्या तरी वापरात होती. त्या डोंगरात खाणी होत्या, गुरं चारली जात, शिकार होई. यापलीकडे मालकाबद्दल कुणी एक शब्द खात्रीने सांगू शकलं नाही, आणि संग्रहालयानेही सांगितला नाही. त्यांनी गंज घासून काढला नाही, लाकूड नवं केलं नाही, फक्त सुटणारे तुकडे चिकटवून जागच्या जागी धरून ठेवले. तो संयम मला फार आवडतो. मालकाचं नाव नसतानाही ही रायफल जगभरात ओळखली जाते, कारण तिच्याबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं खरं आहे.

तुमच्याही रायफलीच्या दस्त्यातली ती झडप उघडून बघा. हळूच. जुनं काडतूस, कागदाचा कपटा, सळईचा तुकडा, काहीही निघालं तर त्याला हात लावण्याआधी फोटो काढा.

रायफलीतून पुरावा मिळवण्याची याहून मोठी गोष्ट लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर घडली. १८७६ मध्ये मूलनिवासींशी लढताना अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर जिथे मारला गेला त्या माळावर १९८३ मध्ये वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केलं. सापडलेल्या प्रत्येक रिकाम्या काडतुसाची जागा नकाशावर मांडली. खून झाल्यावर पोलिसांच्या प्रयोगशाळेत तपासतात त्याच पद्धतीने काडतुसांच्या बुडावर बंदुकीच्या सुईने उमटलेले ठसे तपासले. हेन्री नावाच्या जुन्या रायफलीत आणि १८६६ च्या विंचेस्टरमध्ये दोन टोकांची सुई असते, ती काडतुसाच्या कडेवर समोरासमोर दोन खुणा करते, आणि प्रत्येक रायफलीची खूण थोडी वेगळी. अशा खुणांवरून एकच रायफल माळावर कुठून कुठे गेली हेही दिसलं. पुढे संग्रहांत टिकून असलेल्या काही बंदुकांमधून चाचणीच्या गोळ्या झाडून त्यांच्या खुणा रणभूमीवरच्या काडतुसांशी जुळल्या. असा पुरावा मिळाला तर घरची कहाणी असो वा नसो, रायफल स्वतःच साक्ष देते. लॉटनच्या मोहिमेसाठी असं काही तुमच्या हाती लागणं अवघड आहे, कारण ती एका माळावरची लढाई नव्हती, शेकडो मैलांची डोंगरातली पायपीट होती.

पत्र आणि फोटोकडे वळतो. काकांचं पत्र मी हलकं मानत नाही. आजोबांच्या स्वतःच्या मुलाने लिहिलंय, म्हणजे त्याने बापाच्या तोंडून ऐकलेलं असू शकतं. पण ते १९६० च्या सुमाराचं आहे, आणि तो काळ नीट लक्षात घ्या. अमेरिकेत तेव्हा टेलिव्हिजनवर रात्रंदिवस काउबॉयच्या मालिका होत्या, घरोघरच्या माळ्यांवरून जुन्या विंचेस्टर उतरवल्या जात होत्या, आणि त्यांना अचानक किंमत आली होती. कहाणीला पैसा मिळू लागल्यावर लिहिलेला कागद आणि त्याआधी लिहिलेला कागद यांत मी फार फरक करतो. आजोबांच्या हयातीतलं एखादं पत्र, मृत्युपत्रातली एक ओळ, गावच्या वर्तमानपत्रातली त्यांच्या निधनाची बातमी, विम्याची यादी, यांतलं काहीही शोधा. त्यात नुसती ‘जुनी विंचेस्टर’ असा उल्लेख सापडला तरी त्याचं वजन काकांच्या दोन पानांहून अधिक. आणि पत्रात अनुक्रमांक आहे का? नसेल तर ते पत्र याच रायफलीबद्दल आहे हेही आधी सिद्ध करावं लागेल. घरात दोन रायफली असतील, चांगली विकली गेली असेल आणि कहाणी उरलेलीला चिकटली असेल, असं बऱ्याचदा होतं.

कोर्टाचा कागद मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. शेरिफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुप्रसिद्ध गुन्हेगाराला ज्या कोल्टने मारलं ते रिव्हॉल्व्हर गॅरेटच्या पश्चात एल पासोमधल्या एका दारूच्या दुकानात मांडलेलं होतं. दुकानदार वारल्यावर १९३० च्या दशकात गॅरेटच्या विधवेने ते परत मिळवण्यासाठी दावा लावला आणि जिंकली. एका गरीब विधवेने आपल्या हक्कासाठी लढलेली ती लढाई नव्वद वर्षांनी त्या हत्याराचा सर्वांत भक्कम पुरावा ठरली. २०२१ मध्ये ते ६० लाखांहून अधिक डॉलरना विकलं गेलं. लाकोटा जमातीचा नेता सिटिंग बुल याची विंचेस्टर कार्बाइनही अशीच निःसंशय. जुलै १८८१ मध्ये फोर्ट ब्युफोर्डला शरण येताना त्याने ती आपल्या लहान मुलाच्या हातून मेजर ब्रदरटनच्या स्वाधीन केली, साक्षीदारांदेखत, आणि आज ती स्मिथसोनियनमध्ये आहे. मधले हात जितके कमी तितका माग स्वच्छ.

फोटोत जर आजोबा रायफल धरून असतील तर फार हुरळून जाऊ नका. त्या काळचे स्टुडिओवाले टेकायला खांब ठेवत तशा हातात धरायला बंदुका ठेवत. गणवेशातला फोटो आजोबा सैनिक होते एवढं सांगतो, तेही फोटोच्या पाठीवर नाव आणि स्टुडिओचं गाव असेल तर. फोर्ट हुआचुका किंवा टूम्बस्टोन असा शिक्का असेल तर त्याला नक्की किंमत आहे. रायफल ओळखू येईल इतकी स्पष्ट असेल तर नळीची लांबी, पुढच्या लाकडाचं टोक आणि दस्त्यावरचे ओरखडे ताडून बघा. लाकडावरची एखादी विशिष्ट चीर दोन्हीकडे जुळली तर तो खरा पुरावा.

रायफलीवर नाव, तुकडी किंवा साल कोरलेलं असेल तर जास्तच सावध व्हा. या धंद्यातली सगळ्यात जुनी लबाडी म्हणजे साध्या हत्यारावर मागाहून अक्षरं कोरणं. विंचेस्टरने १८७५ च्या कॅटलॉगमध्ये जाहीर केलं होतं की ज्या नळ्या चाचणीत सर्वांत अचूक ठरतील त्यांच्या खास रायफली बनवून त्यांवर ‘वन ऑफ वन थाउजंड’ असं कोरू, किंमत १०० डॉलर. मॉडेल १८७३ मध्ये अशा जेमतेम सव्वाशे-दीडशेच निघाल्या. १९५० मध्ये हॉलिवूडच्या एका स्टुडिओने चित्रपटाच्या जाहिरातीसाठी देशभर पोस्टरं लावून अशा रायफली हुडकून काढल्या, आणि तेव्हापासून त्यांची मागणी इतकी वाढली की नकली कोरीव कामाचा धंदाच उभा राहिला. ती लबाडी मात्र पकडता येते, कारण ते कारखान्याचं काम होतं आणि कारखान्याच्या वहीत त्याची नोंद व्हायची. वहीत ‘हजारात एक’ नाही आणि नळीवर आहे, म्हणजे विषय संपला. शिपायाने चाकूने स्वतः कोरलेलं ‘बी ट्रूप’ कुठल्याच वहीत नसतं. तिथे भिंगाखाली अक्षरांच्या कडा बघाव्या लागतात. शंभर वर्षं हाताळलेल्या लाकडात जुन्या खाचेच्या कडा गुळगुळीत होतात आणि तळाशी तेल-मळ साचून काळा पडतो. ताज्या खाचेत आतलं लाकूड फिकट दिसतं, आणि रंग भरला असेल तर तो एकसारखा दिसतो. हे अनुभवी माणसाकडून बघून घ्या, ऑनलाइन फोटोवरून ठरवू नका.

आपल्याकडचे लोक या सगळ्याला फेरफाराच्या नोंदींसारखं समजले तर पटकन उमजतं. आज सातबाऱ्यावर नाव कोणाचं हे पुरत नाही, मागच्या प्रत्येक हस्तांतराचा फेरफार मिळावा लागतो. मधली एक नोंद गहाळ असेल तर वकील तिथेच बोट ठेवतो. गंमत अशी, की या बाबतीत भारतातली जुनी बंदूक अमेरिकेतल्या बंदुकीपेक्षा सुदैवी आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यापासून आपल्याकडे परवाना, त्यावर हत्याराचा तपशील आणि मालकाचं नाव अशी पद्धत आहे. एखाद्या वाड्यात आजोबांची विंचेस्टर असेल तर जुने परवाने आणि नूतनीकरणाचे शिक्के जपून ठेवा, ते मालकीचे उत्तम कागद आहेत. अमेरिकेत १८८६ मध्ये दुकानात पैसे टाकले की रायफल तुमची, आणि कागद बहुतेकदा काहीच नाही.

भारताचा विषय निघाला म्हणून एक सूचना. ही रायफल घेतलीत तरी ती पुण्या-मुंबईला नेण्याचा विचार करू नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘अँटिक’ म्हणून वेगळं धरतात, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. भारतात मात्र नुसत्या वयाने सूट मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही अशा कालबाह्य हत्याराला आहे, आणि चालू स्थितीतली १८७३ त्यात बसत नाही. शस्त्र देशात आणायला वेगळा परवाना लागतो.

आणखी दोन गोष्टी. रायफल घासू नका, पॉलिश करू नका, दस्त्याला तेल-वॉर्निश लावू नका. वरचा तपकिरी थर हा तिच्या वयाचा दाखला आहे आणि तो एकदा गेला की किंमतीचा मोठा भाग गेला. आणि हौस म्हणून नव्या ताकदीची काडतुसं घालून ती झाडू तर अजिबात नका. ती बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी बनलेली आहे.

आता प्रत्यक्ष काय करावं. बाईंना आजोबांचं पूर्ण नाव, जन्मसाल आणि जन्मगाव विचारा, आणि त्यांना आठवतं ते सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून नोटरीसमोर शपथपत्र करून द्यायला विनंती करा. त्यात रायफलीचा अनुक्रमांक, ती कुणाकडून कुणाकडे आणि कधी आली, घरात ती कुठे टांगलेली असायची, हे सगळं यावं. बाई ऐंशीच्या आहेत. आजोबांना पाहिलेलं किंवा बापाच्या तोंडून त्यांच्याबद्दल ऐकलेलं त्या घरातलं हे शेवटचं माणूस असू शकतं, म्हणून रायफल घ्या वा न घ्या, हे काम आधी करा. कोडीच्या पत्रासाठी अनुक्रमांक आणि अभिलेखागारात भरतीच्या नोंदीसाठी नाव पाठवा. दोन्ही उत्तरं येईपर्यंत पैसे देऊ नका. साल जुळलं आणि नावही जुळलं, तर साध्या १८७३ च्या दरावर थोडी रक्कम वाढवून द्यायला माझी हरकत नाही, कारण त्या कागदांसह ती एका सच्च्या घराची रायफल ठरेल. ‘थोडी’ म्हणजे थोडीच. मोहिमेत ती होती याचा त्या काळातला एखादा कागद मिळाला तर मात्र बोलणी नव्याने करा, आणि बाईंना तेव्हा योग्य तो भाव मिळू द्या. साल जुळलं नाही तर तसं बाईंना नीट समजावून सांगा, कोडीचं पत्र त्यांच्या हातात द्या, आणि रायफल आवडली असेल तर रायफलीच्या किंमतीला घ्या.